जयसिंगरावांची जीभ

गविपुरातल्या जयसिंगरावांच्या घरी दिवाळी येते आणि जाते, तिचं कुणी फारसं कौतुक करत नाही. त्या घरचा खरा सण म्हणजे कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारची शेंगांची जत्रा. बसवनगुडीच्या मोठ्या नंदीला नव्या पिकाच्या शेंगा वाहायला गावोगावचे शेतकरी येतात, रस्त्याच्या दोन्ही कडांना पोत्यांवर ढीग लागतात, आणि सगळं बेंगळूर शेंगा फोडत, टरफलं तुडवत दिवसभर हिंडतं. इथली माणसं तिला परिषे म्हणतात. शेंगदाण्यासाठी जत्रा भरवणारं गाव जगात दुसरं असेल यावर जयसिंगरावांचा विश्वास नव्हता, आणि त्यांच्याशी वाद घालायला कुणाला सवड नव्हती.

जयसिंगराव पस्तीस वर्षं तेलाच्या गिरणीत माल पारखायचे. पोतं उसवलं की दोन दाणे तोंडात टाकायचे, आणि माल कुठल्या गावचा, किती जुना, काढणीला पाऊस लागलाय की नाही, हे सांगून मोकळे व्हायचे. त्यांनी मान हलवली की मालक अख्खी गाडी परत पाठवायचा. पुढे ते निवृत्त झाले, पण जीभ काही निवृत्त झाली नाही. मग घरच्यांनी आणि मित्रांनी मिळून परिषेत एक खेळ सुरू केला. प्रत्येकाने वेगळ्या ढिगावरून एक पुडी आणायची आणि विकणाऱ्याला गाव विचारून ठेवायचं. जवळच्या बागेतल्या खडकावर बैठक मारायची, गिरणीतले जुने सोबती बसवंत यांनी जयसिंगरावांचे डोळे रुमालाने बांधायचे, आणि त्यांनी चाखून गाव ओळखायचं. ज्याच्या पुडीला ते चवीत पहिला नंबर देतील, त्याने डिसेंबरातल्या सहलीचं ठिकाण ठरवायचं. एका वर्षी बसवंत जिंकले आणि सगळ्यांना शिवगंगेचा डोंगर चढायला लागला. जयसिंगरावांच्या पत्नीचे, कौशल्याबाईंचे, गुडघे संक्रांतीपर्यंत दुखत होते, पण निकालावर कुणी ब्र काढला नाही.

या वर्षी, म्हणजे सत्त्याण्णव साली, परिषेची सकाळ उजाडूच नये असं कौशल्याबाईंना वाटत होतं. जयसिंगरावांच्या जिभेची चव गेली होती, आणि हे घरात फक्त बाईंच्या लक्षात आलं होतं.

गणपतीत जयसिंगरावांना ताप आला होता. तो उतरल्यावर एकदा कौशल्याबाई सारात मीठ घालायला विसरल्या. अळणी सारु जयसिंगरावांनी दोनदा मागून घेतलं. एरवी मिठाचा एक खडा कमी पडला तर भुवई उंचावणारा माणूस. दुसऱ्या दिवशी बाईंनी मुद्दाम बिनसाखरेची कॉफी दिली. "फस्ट क्लास," म्हणाले. बाई मोरीत जाऊन थोडं रडल्या आणि भांडी घासायला लागल्या. त्यांनी नवऱ्याला विचारलं नाही, नवऱ्याने सांगितलं नाही. ज्या माणसाला गल्लीत जिभेवरून मान होता, त्याला "तुमची जीभ गेली का हो?" हे कसं विचारायचं, ते त्यांना चाळीस वर्षांच्या संसारात कुणी शिकवलं नव्हतं.

"यंदा नुसत्या शेंगा खाऊ या की. परीक्षा कशाला?" निघताना त्यांनी म्हणून पाहिलं.

"परीक्षा नाही तर परिषे कसली?" जयसिंगराव टोपी झटकत म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. मनात काय चाललं होतं ते त्यांचं त्यांना माहीत.

बरोबर बसवंत होते, पुतण्या गिरीराज होता आणि वरच्या मजल्यावरची भाडेकरू सुखदा होती. सुखदा पुण्याची, लग्नाला वर्ष झालेलं, नवरा इलेक्ट्रॉनिक सिटीत कामाला. नवऱ्याला रजा मिळाली नव्हती, म्हणून ती काकूंचा हात धरून आली होती. जत्रेत शिरल्यापासून ती एकच गोष्ट शोधत होती.

"काकू, खारे दाणे कुठे मिळतील? इथे सगळं शेंगांतच आहे. भाजलेल्या, उकडलेल्या, कच्च्या. सोललेलं काहीच नाही."

"सोलायला देवाने बोटं दिलीत ना ग," कौशल्याबाई म्हणाल्या. "एक शेर घे. वर कोसरु माग, मूठभर जास्त घालतात."

कौशल्याबाईंनी आपली पुडी घेतली आणि मागे वळून पाहिलं. दोन ढीग सोडून गिरीराज उभा होता. त्याने एकाच ढिगातून दोन पुड्या भरून घेतल्या, एक स्वतःकडे ठेवली आणि दुसरी सुखदाच्या हातात दिली.

"वहिनी, ही तुमची म्हणून ठेवा. अण्णा एकाच ढिगाला दोन गावांची नावं देतात का बघू," तो हसत म्हणाला. "आमच्या ऑफिसात कुणी विश्वासच ठेवत नाही, अशी जीभ असते म्हणून."

पोरगा वाईट नव्हता. गल्लीभर अण्णाकाकांच्या जिभेच्या बढाया मारणारा तोच. गेल्या वर्षी त्याने हा चावटपणा केला असता तर अण्णांनी पहिल्या दाण्याला ओळखून त्याचा कान पिळला असता आणि सगळे पोट धरून हसले असते. पण हे वर्ष तसं नव्हतं. कौशल्याबाई दोन पावलं त्याच्याकडे गेल्या आणि थांबल्या. गिरीराजला बाजूला घेऊन सांगावं, तर गुपित फुटणार. न सांगावं, तर चारचौघांत नवरा तोंडावर पडणार. खडकापर्यंतची वाट त्यांनी याच विचारात चालून काढली.

खडकावर चादर पसरली. शेजारपाजारचे पाचसात ओळखीचेही येऊन उभे राहिले, कारण हा तमाशा दरवर्षीचा होता. चार पुड्या ओळीने मांडल्या गेल्या. बसवंतांनी रुमालाची गाठ मारली. जयसिंगरावांनी हात पुढे केला. दुसऱ्या हाताने त्यांनी चादरीचं टोक मुठीत आवळलंय हे फक्त कौशल्याबाईंना दिसलं, आणि तेव्हा त्यांना कळलं की हे बेडर वगैरे काही नाहीत, चांगलेच घाबरलेत.

"थांबा, नीट ठेवते," असं म्हणत त्यांनी चारही पुड्या एकदम उचलल्या आणि चादरीवर उपड्या केल्या. शेंगा गडगडत एकमेकींत मिसळल्या. कुठली कुणाची, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

"अक्का, हे काय केलंत," गिरीराजचा चेहरा पडला.

"हातातून सुटल्या रे."

"असू दे, असू दे," बसवंत समजुतीने म्हणाले. "वय झालं आता अक्कांचं. हातात स्वल्प कंप येतो."

कौशल्याबाईंनी मान खाली घातली. वेंधळी म्हटलं तर म्हणू देत, त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. उलट छातीवरचं ओझं उतरलं होतं.

जयसिंगरावांनी मात्र रुमाल सोडला. चादरीवरच्या ढिगाकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"बसवंता, हिच्या हातून चाळीस वर्षांत तांदळाचा दाणा सांडलेला नाही," ते म्हणाले. "हिचं काही झालेलं नाही. माझी जीभ गेलीय. गणपतीपासून मला चव नाही. गोड नाही, खारट नाही, काही नाही."

कौशल्याबाईंनी चटकन वर पाहिलं.

"हिला कळलंय ते मला ठाऊक होतं," जयसिंगराव पुढे म्हणाले. "दोन महिने झाले, वाढताना आधीच सांगते, आज सारु आंबट झालंय हं, आज कोबीचा पल्या तिखट आहे. पाहुण्यांसमोर मी चुकू नये म्हणून. मी आपला वेड पांघरून बसलो होतो. इथेही काहीतरी गावांची नावं ठोकून देणार होतो. पण माझ्या पायी हिला कुणी वेंधळं म्हणावं, हे नाही चालायचं."

गिरीराजचे कान लाल झाले. त्याने आपण होऊन दोन पुड्यांची गोष्ट सांगून टाकली. जयसिंगराव त्याच्याकडे बघत राहिले आणि मग इतके हसले की त्यांना ठसका लागला. डॉक्टर म्हणतात चव परत येईल, न येईलही, असं त्यांनी डोळे पुसत सांगितलं. ते पुसणं सगळंच हसण्याचं नव्हतं.

"मग आता पहिला नंबर कुणाचा?" सुखदाने विचारलं. ती पुण्याची असल्यामुळे मुद्द्यावर लवकर आली.

जयसिंगरावांनी ढिगातली एक शेंग उचलली, फोडली आणि दाणे कौशल्याबाईंच्या हातावर ठेवले.

"चाख."

"मला मेलीला काय कळतंय त्यातलं."

"गाव मी सांगतो. तू फक्त कशी लागते ते सांग."

चाळीस वर्षं रांधलं बाईंनी आणि चव सांगितली नवऱ्याने. कशी लागते, हे त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. चारचौघांत दाणा तोंडात टाकायला त्यांना नव्या नवरीसारखं लाजल्यासारखं झालं.

"गोड आहे."

"गोड सगळ्याच असतात. आधी काय लागतं, मागून काय?"

कौशल्याबाईंनी डोळे मिटले. "आधी दुधाळ. मग सालीची जराशी तुरट चव येते. गिळल्यावर परत गोड."

"तांबड्या मातीतली. चिंतामणी गावाकडची," जयसिंगराव म्हणाले. बरोबर की चूक, पडताळायला आता मार्ग नव्हता, पण त्यांच्या आवाजाला जुनी धार आली होती आणि ते बायकोच्या तोंडाकडे एखाद्या पोरासारखे टक लावून बघत होते. बाईंना त्यांची फार माया वाटली.

"चाखणारी मी," त्या दुसरी शेंग उचलत म्हणाल्या, "तेव्हा सहलीचं ठिकाण मी ठरवणार."

"सरी, कबूल," जयसिंगराव म्हणाले. "कुठे जायचं?"

"सांगते. घाई काय आहे?" कौशल्याबाई म्हणाल्या, आणि सगळ्यांना ताटकळत ठेवून त्यांनी तो दाणा अगदी सावकाश चावायला घेतला.