सदतीस अंशांची शेगडी

मित्रांनो, मी एक जुनी शेगडी आहे, पण माझ्यावर आजवर कोणी कपभर चहासुद्धा उकळलेला नाही. मेंढ्यांच्या कृत्रिम रेतन केंद्रात, सूक्ष्मदर्शकाच्या शेजारी माझी जागा आहे. खरे तर मी विजेवर चालणारी धातूची साधी पाटी. सदतीस अंश, म्हणजे साधारण तुमच्या अंगाइतकी ऊब, धरून ठेवायची, एवढेच माझे काम.

हे काम किरकोळ वाटेल. पण चांगल्या मेंढ्याचे वीर्य तपासून, पातळ करून अनेक माद्यांना दिले, तर एकाच बापाची कितीतरी गुणी कोकरे जन्मतात. जोमदार वीर्याचा थेंब भिंगाखाली धरला की ढग घुसळत असल्यासारखा दिसतो. मात्र शुक्राणू थंडीला फार भितात. गार काचेला टेकले की जागीच गारठतात. म्हणून काचपट्ट्या आणि नळ्या आधी माझ्या अंगावर ठेवतात.

आमचे पहिले डॉक्टर पाहुण्यांना सांगत, "सूक्ष्मदर्शक हा डोळा आहे, पण कूस म्हणाल तर ही शेगडी." मी मनातल्या मनात दोन अंश जास्त तापत असे. पुढे ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी डॉक्टरबाई आल्या. मी चालू आहे हे दाखवणारा माझा लाल दिवाही गेला. केंद्रातल्या मदतनीस मामांना कोणी आठवण करून दिली की ते म्हणत, दिवा गेला तरी ऊब आहे ना, मग चाललंय की. दिवा काही बदलला गेला नाही.

मग ती कडाक्याच्या थंडीची सकाळ आली. एका कळपाचे मालक आपला तरणा मेंढा घेऊन आले. सोबत त्यांची बायको आणि धाकटा भाऊ होता. मालकीणबाईंनी त्या आईवेगळ्या पिल्लाला बाटलीने दूध पाजून वाढवले होते, आणि त्याचा थाट पाहून घरचे त्याला जावईबापू म्हणत. यंदा सगळ्यांच्या कळपात याचीच कोकरे दिसतील, असे मालक चार लोकांत सांगून बसले होते.

भावाला तपासणीचे चित्रण करायचे होते, पण फोनची बॅटरी संपली होती. त्याने भिंतीतली एक पिन काढली आणि आपल्या चार्जरची लावली. ती पिन माझी होती.

मी गार होऊ लागले. मला तोंड नाही, आणि जो दिवा विझून बोलला असता तो कधीचाच विझलेला.

डॉक्टरबाईंनी थेंब भिंगाखाली धरला आणि त्यांचा चेहरा उतरला. काहीच हलत नव्हते. थोड्या वेळाने दुसरा नमुना घेतला. नळी माझ्यावरचीच, काचही माझ्यावरचीच. पुन्हा तेच. दोन महिन्यांनी परत आणा, एका दिवसावरून काही ठरवू नका, असे त्यांनी मालकांना बजावले.

पण भाऊ हसला. "घ्या. जावईबापू नुसते खायलाच बसलेत म्हणायचे."

मालकांचे कान लाल झाले. फाटकाबाहेर खाटकाची गाडी म्हाताऱ्या मेंढ्या भरत होती. मालक मेंढ्याला घेऊन तडक बाहेर गेले, आणि आले ते नुसता दोर हातात घेऊन. मालकीणबाई त्या दोराकडे बघतच राहिल्या.

आवरताना डॉक्टरबाईंचा तळवा माझ्यावर टेकला. तो तिथेच राहिला.

"ही थंड आहे," त्या हळूच म्हणाल्या.

सगळ्यांची नजर माझ्या वायरवरून सरकत भिंतीपर्यंत गेली. तिथे भावाचा फोन लटकत होता. मालकीणबाई अनवाणीच धावत सुटल्या, आणि मागोमाग डॉक्टरबाईंनी गाडी काढली.

कत्तलखान्याच्या दारात त्यांनी जावईबापूला उतरवून घेतले. त्याच्या पाठीवर कापायच्या जनावरांची निळी खूण होती. मी तापल्यावर पुन्हा तपासणी झाली. डॉक्टरबाईंनी मालकीणबाईंना भिंगातून पाहायला लावले. ढग नुसते उसळत होते.

बाई हसल्या नाहीत. दोर नवऱ्याच्या हाती न देता डॉक्टरबाईंच्या हाती देत म्हणाल्या, "याला इथंच ठेवा. घरी नेला तर माझा डोळा लागायचा नाही."

मालक खाली मान घालून उभे होते. एका गार काचेने एक जीव जवळजवळ घालवला होता, आणि घरातला विश्वास तर घालवलाच होता.

मित्रांनो, मुक्या वस्तूंची किरकोळ दुखणी वेळेवर दुरुस्त करा. आणि कुणाला नापास ठरवण्याआधी, आपण त्याला पुरेशी ऊब दिली होती का, ते एकदा हात लावून पाहा.

जावईबापू आता केंद्रातच असतो. मालक त्याला भेटायला येतात, तेव्हा आधी आत येऊन माझ्यावर हात ठेवतात. सदतीस अंशांना कुणाला चटका बसत नाही. तरीही ते हात झटकन मागे घेतात.