अक्काला सांगू नका

वसुमतीचा राग म्हणजे साधासुधा नव्हे. राजाजीनगरातल्या तिच्या गल्लीत भाजीवालासुद्धा तिचं तोंड बघून भाव सांगायचा. पण सख्ख्या धाकट्या भावावर, जयतीर्थावर, तिनं धरलेला राग सगळ्यांवर कडी करणारा. एकाच बंगळूरात राहून सहा वर्षं ती त्याच्या घराची पायरी चढली नव्हती.

कारणही तसंच होतं म्हणा. त्यांचे वडील, अप्पा, गेले तेव्हा तिला सातवा महिना. आधीची दोन पोटातच गेलेली, आणि डॉक्टरनं अंथरुणावरून हलू नका म्हणून बजावलेलं. जयतीर्थानं परस्पर ठरवून टाकलं, अक्काला सांगू नका. अप्पांचे दिवस झाले, तेरावं झालं, आणि हिला घरातले सगळे सांगत राहिले, "अप्पांना खोकला झालाय, बरं वाटलं की येतील." मुलगी सुखरूप झाली, त्यानंतर कुठं हिला कळलं. "माझा बाप मेला आणि मी इकडं केसांत फुलं माळून बसले होते रे!" एवढं ती त्याच्यावर ओरडली, ते शेवटचं. पुढं बोलणंच बंद.

अठ्ठ्याण्णव साली जयतीर्थाला रक्ताचा कॅन्सर निघाला. त्याची बायको सुचेता, पुण्याची पोर, भीत भीत वसुमतीच्या दारात आली.

"वन्सं, सख्ख्या भावंडाच्या हाडातली मज्जा जुळली तर डॉक्टर म्हणतात..."

वसुमतीनं पुढचं ऐकलंच नाही. पायांत चपला सरकवल्या नि म्हणाली, "चल. कुठं द्यायचं रक्त?"

तपासणीत दोघांच्या रक्तातल्या सगळ्या खुणा जुळल्या. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की तुमच्या कमरेच्या हाडातल्या मज्जेत मूळपेशी असतात, स्टेम सेल म्हणतात त्यांना. त्याची सडकी मज्जा औषधांनी जाळायची आणि ह्या पेशी त्याला द्यायच्या. विरजण लावतात ना, तसं. थोड्यातून सगळं नवं रक्त तयार होतं. वसुमतीला ते झटकन पटलं. तिचं विरजण गल्लीत नावाजलेलं होतं.

मज्जा काढायला वसुमतीला भूल द्यायला न्यायच्या आधी जयतीर्थानं तिला विचारलं, "अक्का, अप्पांचं अजून मनात आहे का गं?"

"आहे. मज्जा वेगळी, राग वेगळा. मज्जा तू घे, राग मी ठेवते."

तो खो खो हसला. सहा वर्षांनी तिला ते हसू ऐकायला मिळालं, पण तोंडावर तसं दाखवेल तर ती वसुमती कसली!

तिसऱ्या आठवड्यात त्याच्या रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या. घरादाराच्या जिवात जीव आला. "माझं रक्त आहे ते, खेळ नव्हे!" असं ती भेटेल त्याला सांगत सुटली. आणि मग कुठं माशी शिंकली कोण जाणे. जयतीर्थाच्या तळहातांवर लाल चट्टे उठले, कातडी सुटायला लागली, जुलाब थांबेनात, डोळे हळदीसारखे पिवळे झाले.

"कमी पडली असेल मज्जा," वसुमतीनं निदान करून टाकलं. ती खजूर खायला लागली, नाचणीची आंबील प्यायला लागली आणि डॉक्टर दिसले की त्यांना गाठून म्हणायची, "आणखी घ्या. दोन्ही बाजूंनी घ्या, मला काही होत नाही." डॉक्टर बघू म्हणत पुढं जायचे. सुचेता पर्समध्ये काहीतरी शोधायला लागायची. वसुमतीचा संताप व्हायचा. मी द्यायला तयार आहे तर ह्यांना घ्यायला काय होतं?

एक दिवस वॉर्डात नवी डॉक्टरीण आली. वसुमतीनं तिलाही गाठलं. "इन्नू स्वल्प तगोळ्ळी, डॉक्टर. आणखी थोडी घ्या."

ती पोरगी गोंधळली. "अम्मा, तुम्हाला कुणी सांगितलं नाही? तुमच्या पेशी छान रुजल्यात. पण त्यांना त्याचं शरीर परकं वाटतंय. त्याच त्याच्या कातडीवर, यकृतावर, आतड्यांवर तुटून पडल्यात. आणखी कशा देणार?"

"माझा राग गेला गं त्याच्या अंगात," एवढंच वसुमती म्हणत राहिली. रागाचा ह्यात काही संबंध नाही, कुणाच्याही बाबतीत असं होऊ शकतं, हे त्या मुलीनं परत परत सांगितलं. पण ऐकतंय कोण!

सुचेता धावत आली आणि रडायलाच लागली. "ह्यांनी शपथ घातली होती वन्सं. म्हणाले, अक्काला सांगू नका. तिला वाटेल तिनंच मला मारलं. जन्मभर स्वतःला खात बसेल."

पुन्हा तेच. पुन्हा ह्यानंच ठरवलं! एरवी तिनं हॉस्पिटल डोक्यावर घेतलं असतं. पण आता तिला रागच येईना. स्वतःची कातडी सोलली जात असताना हा भाऊ तिला जपत बसला होता. सहा वर्षांपूर्वीही त्यानं तेच केलं होतं, आणि तिची मुलगी आज शाळेत जात होती. एवढी साधी गोष्ट कळायला आपल्याला हे बघावं लागलं, ह्याची तिला लाज वाटली.

तिनं डोळे पुसले. "मला कळलंय हे त्याला कळता कामा नये," असं सुचेताला दरडावलं आणि गाऊन, टोपी, मास्क चढवून ती आत गेली.

जयतीर्थानं तिच्या डोळ्यांकडं बघितलं. "रडलीस? कुणी काही बोललं का?"

"कोण बोलणार? ह्या मेल्या मास्कात जीव घुसमटतो, मग डोळ्यांना पाणी येतं."

त्याला ते पटलं नाही. तो बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "अक्का, अप्पांचं अजून मनात आहे का गं?"

नाही रे राजा, गेलं सगळं, तू केलंस तेच बरोबर होतं, हे सगळं तिच्या अगदी ओठांपर्यंत आलं. पण अक्काचा राग उगाच विरघळत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तसं म्हणाली असती तर त्यानं तत्काळ ओळखलं असतं.

"आहे तर!" ती कडाडली. "का नसावं? मी मरेपर्यंत राहील. आणि तुझ्या त्या डॉक्टरांना सांग, आणखी मज्जा घ्या म्हणावं. कंजूष मेले!"

त्याचे डोळे निवले. फाटलेल्या ओठांनी तो हसला. "सरी अक्का, सरी. बरं, सांगतो."

तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. तिनं त्याचा हात धरला होता. अक्का अजून रागावलेली आहे, म्हणजे तिला काही कळलेलं नाही, एवढं समाधान त्याला मिळालं. तिनं त्याला माफ केलंय, हे मात्र त्याला कधीच कळलं नाही.