मामाच्या वाटेवरचा कोल्हा

मी कोल्हा बोलतोय. कोंबड्या झाकायची गरज नाही, मी तारेचा आणि तणसाचा आहे. हाडं तारेची, पोटात धानाचं तणस म्हणजे पेंढा, अंगावर जुन्या घोंगडीचा तुकडा आणि डोळ्यांच्या जागी सीताफळाच्या बिया. उंचीला वीतभर. पण या वीतभर कोल्ह्यानं पडद्यावर वाघाला गंडवलंय, तेव्हा जरा मानानं घ्या.

मला घडवलं साकोलीच्या खुशबूनं. नागपूरला ॲनिमेशन शिकली आणि पहिला सिनेमा करायला लाखनीजवळच्या खेड्यात, आईच्या आईकडे येऊन राहिली. कारण गोष्ट या आजीची, चंद्रभागाबाईंची होती. गोष्टीतला कोल्हा वाघाला म्हणतो, 'राजे, हा घ्या तुमचा दरबारी अंगरखा', आणि बुजगावण्याचा सदरा चढवून त्याला बांधीच्या धुऱ्यावर, धानाच्या शेताच्या बांधावर, उभा करतो. वाघ हात पसरून अख्खा हंगाम लोकांचं धान राखतो आणि कोल्हा बोडीच्या तळ्यावर बसून खेकडे खातो.

खुशबू मला केसभर हलवायची, फोटो काढायची, पुन्हा केसभर हलवायची. एवढा खटाटोप केला की पडद्यावर मी एक पाऊल टाकायचो. शेजारणी खिडकीतून डोकावत आणि म्हणत, "शिकली-सवरली पोरगी, अन् बाहुल्या खेळून राहिली." मी ऐकून घ्यायचो. माझे दिवस येणार हे मला ठाऊक होतं.

सगळं झालं, राहिला आवाज. सिनेमा नागपूरच्या बालमहोत्सवाला पाठवायचा होता आणि गोष्ट आजीनंच आपल्या तोंडून सांगायची, असं खुशबूनं पहिल्यापासून धरलं होतं. तिचा मित्र प्रफुल्ल रेकॉर्डिंगचं सामान घेऊन नागपुराहून आला, तोही एका दिवसापुरता. पावसाळा होता. संध्याकाळ झाली की बोडीतले बेडूक कुणाचं काही ऐकू देत नसत, म्हणून काम दिवसाउजेडीच उरकायचं होतं. जमलं नाही तर प्रफुल्लकडे दुसरा एक आवाज तयार होता. त्यानं तो मोबाइलवर ऐकवला. गोड, गुळगुळीत, साबणासारखा हातातून निसटणारा. माझ्या घोंगडीवर काटाच आला. तो आवाज मला लागला असता तर मी कुठलाही कोल्हा झालो असतो, आजीचा राहिलो नसतो.

आजी नवं लुगडं नेसून माइकसमोर बसली आणि तोंड मिटून घेतलं.

"दिवसा नाही सांगत मी," ती म्हणाली.

"काहून आजी?" खुशबूनं विचारलं.

"दिवसा कहानी सांगतली का मामा वाट भुलते. तुले मालूम नाही का?"

मालूम सगळ्यांनाच होतं. इकडे गोष्टीसाठी भुणभुण लावणाऱ्या पोरांना असंच गप्प करतात. पण इथे मामा म्हणजे आजीचा स्वतःचा मुलगा प्रवीण. तो ट्रक चालवतो, रायपूर ते नागपूर. त्या दिवशीही तो रस्त्यावरच होता.

प्रफुल्ल हसला. "आजी, आता मोबाइलमंदी नकाशा राहते. मामा कसा भुलंल?"

"तुया मामा कोठी आहे?"

"नागपूरले. रिटायर झाला, घरीच राहते."

"मंग तुले काय चिंता? माया पोरगा गाडीवर आहे."

प्रफुल्लनं मोबाइल खिशात टाकला. खुशबूनं विनवण्या केल्या, रुसून पाहिलं, शेवटी तिच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या महिन्यांची मेहनत, आणि गाडं अडलं ते मामापाशी. ती माझ्याकडे पाहत बसली. मीही सीताफळाच्या बिया रोखून तिच्याकडे पाहिलं. पुढची युक्ती तिची, असं लोक म्हणतात. म्हणू देत.

तिनं फोन लावला. "मामाजी, कुठं पोहोचले?"

"साकोली सोडली आत्ताच. काहून?"

"गाडी घराकडं वळवा. आजी बोलवून राहिली."

मग ती प्रफुल्लला म्हणाली, "वाट भुलाले माणूस वाटेवर तर पाहिजे न?"

थोड्या वेळानं ट्रक दारात येऊन उभा राहिला. प्रवीणमामा हातपाय धुऊन आजीसमोर मांडी घालून बसला. आजीनं त्याला डोक्यापासून पायापर्यंत पाहून घेतलं, तेव्हा कुठे तिचा चेहरा सैल झाला.

"एक होता कोल्या," ती म्हणाली आणि थांबली.

सगळे चिडीचूप. प्रफुल्लनं तशी ताकीदच दिली होती. पण आमच्याकडे हुंकाऱ्याशिवाय कहाणी पुढे सरकत नाही. कुणी 'हव' म्हटलं तरच सांगणाऱ्याला कळतं की ऐकणारा जागा आहे.

"हव," मामा म्हणाला.

प्रफुल्लनं कपाळावर हात मारून घेतला, पण आजी सुटली होती. वाघाला सदरा चढला, मामा हव म्हणाला. वाघानं हात पसरले, मामा हसत हसत हव म्हणाला. त्या दिवशी मला आवाज मिळाला. त्याच्यासारखा आवाज जिल्ह्यात दुसऱ्या कुठल्या कोल्ह्याला नाही, हे मी छातीठोक सांगतो.

नागपूरला आम्हाला बक्षीस मिळालं. पण माझा खरा मान झाला साकोलीच्या शाळेत. आजी पहिल्या रांगेत बसली होती. पडद्यावर ती म्हणाली, "एक होता कोल्या," मामा म्हणाला, "हव," आणि दुसऱ्या वाक्यापासून अख्खी शाळा हव म्हणू लागली. मी खुशबूच्या मांडीवर होतो. अभिमानानं माझं तणस फुगलं होतं, खोटं कशाला बोलू.

दिवे लागल्यावर सगळे टाळ्या वाजवत होते. आजी तेवढी खिडकीकडे पाहत होती. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं.

"खुशबू, हे आता दिवसाच दाखवतीन का सगळीकडं?"

"हव आजी. शाळा दिवसाच भरते न."

 घरी आल्यावर आजीनं मला उचललं. त्याच आठवड्यात नागपूरच्या एका प्रदर्शनानं मला मागितलं होतं. काचेचं कपाट, वर दिवा, खाली नाव. खुशबूचं फार मन होतं आणि माझंही थोडं होतंच.

"यानं वाघाले धुऱ्यावर उभं केलं," आजी तिला म्हणाली. "माया पोराले वाटेवर नाही ठेवणार का?"

खुशबूनं प्रदर्शनवाल्यांना नकार कळवला. मग तिनं स्वतः तारेनं मला मामाच्या ट्रकमध्ये, समोरच्या काचेशी बांधलं.

आता मी तिथेच असतो. उन्हानं घोंगडी विटली आहे, एक कान लोंबतो, रायपूरच्या धुळीनं डोळे मळले आहेत. काचेच्या कपाटात आता दुसरा कुणी असेल. आजीचा रोज फोन येतो, "कोठी पोहोचला रे?" मामा माझ्याकडे पाहून सांगतो, "कोल्या आहे न संगं, माय." तेवढ्यावर ती फोन ठेवते. वाघाला फसवणाऱ्यावर एका आईनं आपलं लेकरू सोपवलं आहे. याहून मोठं बक्षीस मला तरी माहीत नाही.

तेव्हा तुमच्या शाळेत भरदिवसा माझी कहाणी लागली तर बिनघोर पाहा. फक्त मधूनमधून हव म्हणत जा. मामाच्या वाटेचं माझ्याकडे लागलं.