सहा पायांचा विंचू

कोळवाडी फाट्यावर छबूबाई थिगळे खानावळ चालवायची. चाकणच्या कंपन्यांत पहिल्या शिफ्टला जाणारी पोरं तिच्याकडून डबे न्यायची, दुसऱ्या शिफ्टची दुपारी बाकड्यावर बसून जेवून जायची. भाकरी ती स्वतः थापायची, आणि थापताना तिच्या डाव्या हातावरचा विंचू हलायचा. हिरवा, सुपारीएवढा. ती सात वर्षांची असताना गोंदणारीण वस्तीवर आली होती, तेव्हा आईनं घट्ट धरून गोंदवून घेतला होता. मेल्यावर सोनंनाणं इथंच राहतं, गोंदण तेवढं संगं येतं, असं आईचं म्हणणं.

साठ वर्षांत त्या विंचवाकडं कुणी फारसं बघितलं नव्हतं. बघितलं ते हवालदार नानासाहेबांनी, एका मंगळवारी, भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवता बुडवता. अकरा वर्षं ते तिथं जेवत होते. तुकडा तसाच हातात धरून ते म्हणाले, "छबूबाई, जरा हात झाका."

"का हो?"

"वरून हुकूम आलाय. विंचू दाखवायचा नाही."

हुकूम खरा होता, आणि त्याला कारणही होतं. फाट्यावरच्या दिग्विजयनं दोन वर्षांपूर्वी पोरं जमवून विंचू ग्रुप काढला होता. जीपच्या काचेवर विंचू, दंडावर विंचू, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर विंचू. ज्या शटरवर विंचवाचं स्टिकर लागे, त्या दुकानदाराची झोप उडे. समोरच्या अनिताच्या मोबाइलच्या दुकानाची काच तर दिवाळीत भर दुपारी फोडली होती, आणि फुटक्या काचेवर स्टिकर डकवून गेले होते. अनिता लातूरकडची, इथं तिचं नात्याचं कुणी नाही. ती छबूबाईला मावशी म्हणायची. पोलिसांनी विचारलं तेव्हा फाट्यावरच्या एकाही माणसानं काही पाहिलेलं नव्हतं. माणसं कुणी दाखवेना, म्हणून मग चिन्हावर बंदी आली. सार्वजनिक ठिकाणी विंचवाचं चित्र, स्टिकर किंवा गोंदण दिसता कामा नये.

"हात झाकून भाकरी कशी थापू?" छबूबाईनं विचारलं.

नानासाहेबांनी विचार केला. ते सरळ माणूस होते आणि हुकूम त्यांनी तीनदा वाचला होता. "चुलीपाशी थापा. ती घरगुती जागा. बाकड्यांकडं आलात की सार्वजनिक."

तेव्हापासून उंबऱ्याच्या आत विंचू चालायचा आणि बाहेर चालायचा नाही. छबूबाई उजव्या हातानं वाढायची, डावा हात पदराआड ठेवायची. एका हातानं डाळ वाढताना दोनदा गिऱ्हाइकाच्या मांडीवर सांडली. मग तिनं हाताला क्रेप बँडेज गुंडाळलं, तर जो तो हात कसा मोडला म्हणून विचारू लागला. चौथ्या दिवशी तिनं बँडेज सोडून चुलीत घातलं.

नानासाहेबांना मग फॉर्म भरणं भागच होतं. छापील फॉर्म होता. नाव, टोपणनाव, चिन्ह शरीरावर कुठे, टोळीत प्रवेशाचे वर्ष.

"मी टोळीत न्हाई," छबूबाई म्हणाली.

"ते मला माहीत आहे. पण रकाना रिकामा ठेवला तर कॉम्प्युटर पुढं जात नाही. गोंदलं कधी?"

"सात वर्षांची व्हते."

त्यांनी बोटांवर हिशोब करून १९६६ लिहिलं. कॉम्प्युटरनं यादी ज्येष्ठतेप्रमाणं लावली आणि आठवड्यानं ती चौकीच्या फळ्यावर लागली. पहिलं नाव छबूबाई थिगळे. दिग्विजय दुसरा.

दुसऱ्याच दिवशी दिग्विजय चार पोरांना घेऊन खानावळीत आला. पाचही जण वाकून तिच्या पाया पडले. जेवणारी पोरं ताटं उचलून पलीकडच्या बाकड्यावर सरकली.

"मावशी, आमचा वकील म्हणतो, तुम्ही अर्ज करा," दिग्विजय म्हणाला. त्याचा आवाज मऊ होता. "तुमचा हात तुमचा हाय. त्यावर काय असावं हे सरकार कोण सांगणार? उद्या म्हणतील कुंकू लावू नका. तुम्ही सुटलात की आमी बी सुटतो."

छबूबाईला वाईट वाटलं ते याचंच, की पोरगा बोलत होता ते खरं होतं. रात्रंदिवस तिच्या मनात हेच घोळत होतं, फक्त ते याच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. अनिताची काच यानं फोडली तेव्हा छबूबाई चुलीसमोरच बसली होती. लोखंडी पहार याच्याच हातात होती. पोलिसांना तिनं सांगितलं होतं, की धुरानं दिसलं नाही.

"जेवायचं असंल तर बसा," ती म्हणाली. "अर्ज माझा मी बघंन."

अर्ज तिनं केला, पण स्वतःपुरता. हुकूम काढणाऱ्या मोठ्या साहेबांनी सुनावणी ठेवली. साहेब तरुण होते, न्यायी होते, आणि परंपरेचा अपमान होऊ नये असं त्यांना मनापासून वाटत होतं. त्यांनी भिंग मागवलं आणि छबूबाईचा हात टेबलावर ठेवून विंचवाचे पाय मोजले. सहा भरले. टोळीच्या स्टिकरचे मोजले, आठ भरले. साहेबांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. सुधारित हुकूम निघाला: सहा पायांचा विंचू सांस्कृतिक समजावा, आठ पायांचा गुन्हेगारी.

छबूबाईला शिक्क्याचा दाखला मिळाला. ही बातमी आसपासच्या वस्त्यांवर पोचली आणि सोमवारी चौकीपुढं म्हाताऱ्यांची रांग लागली. नानासाहेब भिंग घेऊन उन्हात बसले. साठेक विंचू तपासले. वाकीच्या एका म्हातारीचं गोंदण इतकं पसरलं होतं की पाय मोजता येईनात. तिच्या नावापुढं त्यांनी 'प्रलंबित' लिहिलं आणि निर्णय होईपर्यंत हातावरचा पदर सोडू नका म्हणून बजावलं.

शुक्रवारी दिग्विजयची काळी जीप अनिताच्या दुकानापुढं येऊन थांबली. काचेवर विंचू होता, ब्लेडनं दोन पाय खरवडलेला. पोरांच्या दंडावरचे दोन-दोन पायही कुणीतरी काळ्या पट्ट्यांखाली बुजवले होते. नानासाहेब धावत आले. त्यांनी काचेवरचे पाय मोजले, मग एकेका दंडावरचे मोजले, आणि भिंग खिशात ठेवलं.

"नियमात आहे," ते हळू आवाजात म्हणाले.

बंदी आल्यापासून अनिता दुकान अंधार पडेपर्यंत उघडं ठेवत होती. तिनं त्या भरदुपारी शटर कमरेपर्यंत ओढलं आणि आत दिवा लावून बसली. छबूबाईनं हे चुलीपाशी बसून पाहिलं. तव्यावरची भाकरी करपली. तिनं ती उतरवली, चुलीतली लाकडं मागं ओढली, हात धुतले आणि दाखला घेऊन चौकीत गेली.

"ह्यो परत घ्या," तिनं दाखला टेबलावर ठेवला.

"का? सहाच पाय आहेत ना?"

"पाय मोजू नका, नानासाहेब. माणसं मोजा. अनिताची काच दिग्विजयनं फोडली. मी बघितलं. लिवून घ्या."

नानासाहेबांनी कागद पुढं ओढला. "धूर होता म्हणाला होतात तुम्ही."

"भ्याले व्हते. अजून बी भ्यालेलीच हाय. बिगी लिवा."

त्यांनी लिहायला घेतलं, पण नाव टाकताच कॉम्प्युटरनं तिला ओळखलं. ही टोळीतली, यादीत पहिली. साधी साक्षीदार म्हणून तिची नोंद होईना. नानासाहेबांनी वर फोन लावला, बराच वेळ हो हो केलं आणि फोन ठेवून कपाळ पुसलं.

"तुम्हाला माफीची साक्षीदार व्हावं लागेल," ते म्हणाले. "म्हणजे तुम्ही टोळीत होतात, आता पश्चात्ताप झालाय."

"माफी कशाची?"

"ते विचारू नका. टोळीविरुद्ध बोलायला सध्या हा एकच रकाना मोकळा आहे."

छबूबाईनं पेन मागितला आणि रेघेवर सावकाश, अक्षर अक्षर जुळवत सही केली.

ती बाहेर आली तेव्हा अनिता पायरीशी उभी होती. दुकान तिनं उघडंच टाकलं होतं. "मावशी, मलाही सांगायचंय. मी तर आतच होते, तोंड बघितलं होतं त्याचं." तिच्या मागून टायरवाला कोंडीराम आला. मग फ्लेक्स छापणारा, रसवंतीवाला, मेडिकलवाला. ज्यांना ज्यांना दिवाळीत काही दिसलं नव्हतं, त्या सगळ्यांना आता दिसलं होतं. प्रत्येकाला तोच रकाना मिळाला. दिवे लागेपर्यंत फाट्यावरचे चौदा दुकानदार विंचू ग्रुपचे पश्चात्तापदग्ध सदस्य झाले, आणि नानासाहेबांकडचे कोरे कागद संपले.

दिग्विजय आणि टोळीतली दोन पोरं पुढच्या आठवड्यात आत गेली. जामीन व्हायला पावणेतीन महिने लागले, आणि सुटल्यावर तो मामाकडं नगरला गेला असं म्हणतात. पायांचा हुकूम कुणी रद्द केला नाही, पण कुणी मोजायलाही येत नाही. तारखेला चौदाही जण एकाच टेम्पोतून कोर्टात जातात. छबूबाई सगळ्यांसाठी भाकऱ्या बांधून घेते, आणि अनिता तिच्या शेजारी बसते.