मऊ फडकी

सोन्याला नावं ठेवायची तर आधी जेवायचं सोडा, असं सासूबाई म्हणायच्या, आणि ते काही खोटं नव्हतं. डोक्यावरचे पत्रे, पायाखालची सिमेंटची जमीन, नणंदेचं कॉलेज, सगळं नदीकाठच्या त्या खड्ड्यातून वर आलं होतं. नवरा चिखल धुवायचा, त्यात पारा कालवायचा, आणि पारा सोन्याचे कण धरून ठेवायचा. घरी आलं की सासूबाई ते सगळं फडक्यात घालून पिळायच्या. जास्तीचा पारा गळून जायचा, उरलेला गोळा तव्यात चुलीवर जायचा. पाऱ्याचा धूर व्हायचा, सोनं मागे राहायचं. खिडक्या मात्र बंद. घरात सोनं आहे हे धुराने चोराला कशाला सांगायचं?

सुनेला त्या धुराची धडकी भरायची. सासूबाईंचे हात आताशा थरथरायचे, सुईत दोरा काही ओवला जायचा नाही. "वय झालं गं," त्या म्हणायच्या. वय कसलं? पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती बाईने! दवाखान्यातल्या नर्सने तर बजावूनच सांगितलं होतं, हा धूर विषारी, बाळाला आसपास फिरकू देऊ नका. तेव्हापासून तवा चढला की सून बाळाला काखेत मारून थेट शेजारणीकडे पळायची.

"आली आमची भित्री भागूबाई," सासूबाई चिडवायच्या. "पोर काय मेणाचं आहे, वितळायला?"

हसा म्हणावं खुशाल.

आणि तरी एके सकाळी भाताचं शीत उचलताना बाळाची बोटं थरथरली. थंडी असेल, तिने मनाशी म्हटलं. थंडी कुठली, घामाने तिचीच पाठ ओली झाली होती! दुसऱ्या दिवशी परत तेच. ती त्याला घेऊन दवाखान्यात गेली, नर्सने रक्त घेऊन तपासायला पाठवलं. धूर तर त्याच्या नाकात कधी जाऊच दिला नव्हता तिने. मग हे आलं कुठून? तिने भिंती पुसल्या, पाण्याचं मडकं बदललं, पाळणा मागच्या खोलीत नेला. शेवटी त्याचं दुपटं उन्हात टाकावं म्हणून उचललं आणि दारातच जोरात झटकलं.

सिमेंटवर टपटप काहीतरी पडलं. चकचकीत, टाचणीच्या डोक्याएवढे थेंब, एकमेकांना शिवले की एक होणारे.

तिने मटकन बसकण मारली. दुपटं तिनेच शिवलं होतं, बाळ पोटात असताना. सासूबाईंची पाराही गळून जाईल अशी तलम, पिळून पिळून लोण्यासारखी झालेली जुनी फडकी तिने धुतली होती आणि एकावर एक घालून टाके घातले होते. घरात त्याहून मऊ कापड नव्हतं. रोज रात्री ती त्याला त्यातच गुंडाळायची. शेजारणीकडे पळतानासुद्धा त्यातच!

"अगंबाई," सासूबाई मागून म्हणाल्या. खाली वाकून थरथरत्या बोटांनी त्या थेंब गोळा करायला लागल्या, सवयीने. मग त्यांचं त्यांनाच कळलं आणि हात तिथेच थांबला.

"आई, मीच केलं हो हे," सून म्हणाली आणि हमसून हमसून रडायला लागली.

तेवढ्यात नवरा आला. नर्सचा निरोप त्याला वाटेतच मिळाला होता: बाळाला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात न्या, उशीर नको. पाऱ्यात कालवलेल्या मालाचा डबा त्याने छातीशी धरला होता.

"आज चांगला माल लागलाय," तो म्हणाला. "हा विकला की उद्याच निघू. पण आधी जाळावा लागेल. फडकं दे."

आत बाळ दुपट्यासाठी रडत होतं. त्याच्याशिवाय त्याला झोप यायची नाही. सून उठली, बाळाला आपल्या धुतलेल्या साडीत गुंडाळून शेजारणीकडे देऊन आली. मग तिने खिडक्या सताड उघडल्या, कात्री घेतली, आणि दुपट्याचे टाके उसवून एक फडकं नवऱ्याच्या हातात दिलं.