जोडीची वॅगन

मालगाड्यांचं गणित करणाऱ्यांना मालगाडी दिसतच नाही, हे बुद्धप्रियाला नोकरी लागल्यावर कळलं. नांदेडात रेल्वेला नियोजनाचा सल्ला देणाऱ्या एका लहानशा कंपनीत ती होती. खिडकीतून समोरच्या दुकानाचं पत्र्याचं छप्पर दिसे आणि संगणकावर रेघा.

काम ऐकायला सोपं होतं. रेका थोड्या आणि मालधक्के फार. रेक म्हणजे एका मालगाडीच्या सगळ्या वॅगन मिळून. खताची कुठल्या धक्क्यावर उतरवायची, तीच रिकामी करून साखर भरायला कुठं पाठवायची, आणि हे सगळं असं बसवायचं की एकही वॅगन उगाच उभी राहू नये. माणसाच्या डोक्यात एवढे पर्याय मावत नाहीत, म्हणून ते मशीनला करायला लावायचं. या शास्त्राला मराठीत एक भारदस्त नाव आहे, पण ते परीक्षेत लिहिण्यापुरतं. बोलताना सगळे ऑपरेशन्स रिसर्चचं ओआर करतात आणि मोकळे होतात.

त्या हंगामाची आखणी मशीनमधून बाहेर आली, तेव्हा एका धक्क्यापुढं शून्य होतं. सावळगाव रोड. लातूर जिल्ह्यात चाकूरच्या अलीकडचं हे स्टेशन, आणि बुद्धप्रियाचं जन्मगाव, घर, शाळा, काय म्हणाल ते सगळं हेच. तिचा बाप रामकिशन त्या धक्क्यावर हमालांचा मुकादम होता. धक्का बंद पडला असता तर बौद्ध वस्तीतली त्याची टोळी आणि मोहल्ल्यातली नासिरची टोळी, दोन्ही घरी बसल्या असत्या.

तिने पुन्हा चालवून पाहिलं. पुन्हा शून्य.

तिचे साहेब वीरभद्र देगलूरचे. माणूस वाईट नव्हता, पण आकड्यापुढे कुणाची गय करायचा नाही. ते म्हणाले, "तुझं गाव हाय म्हणून मशीन लाजत नसतंय. तिथं वॅगन सगळ्यात जास्त उभ्या राहतात. ते कमी कर, आपोआप रेका मिळतील."

वॅगन का उभ्या राहतात हे बुद्धप्रियाला चांगलं ठाऊक होतं. अहवालात लिहायची मात्र तिला लाज वाटली होती.

ती लहान असताना एका ठेकेदाराने टूम काढली, की जी टोळी रेकेला आधी हात लावील तिला जास्तीचं काम. व्हायचं तेच झालं. दोन टोळ्यांत हाणामारी झाली, डोकी फुटली, वस्ती आणि मोहल्ला कितीतरी दिवस एकमेकांशी बोलेना. रामकिशनच्या डोक्यातून रक्त वाहत होतं तेव्हा नासिरच्या आईने, बेगमबीने, भर गर्दीत शिरून आपली ओढणी त्याला बांधली आणि दोन्हीकडच्या बाप्यांना अशा शिव्या घातल्या, की अजून गावात त्यातल्या काही वापरात आहेत. त्यानंतर दोन्ही मुकादमांनी बसून रीत पाडली. रेकेला हात लावायचा तो दोघांनी एकदम. शुक्रवारी नासिरची माणसं नमाजला गेली तर रामकिशनची माणसं बसून राहणार. बुद्धपौर्णिमेला रामकिशनची माणसं विहारात गेली तर नासिरची माणसं पत्ते कुटणार. आणि शेवटची वॅगन जोडीची. त्या वॅगनमधलं प्रत्येक पोतं दोघांनी उचलायचं, एक टोक या टोळीच्या माणसाने आणि दुसरं त्या टोळीच्या. एक हमाल जे पोतं पाठीवर टाकून पळत नेतो, ते दोघांनी धरून नवरदेवासारखं मिरवत न्यायचं!

रीत चांगली होती, यात शंका नाही. पण संध्याकाळी लागलेली रेक तिच्यापायी सकाळपर्यंत तशीच उभी राहायची, कारण दोन्ही टोळ्या पुन्हा एकत्र जमायच्या त्या उजाडल्यावर.

बुद्धप्रियाने तोड काढली आणि सुट्टीच्या दिवशी गावी गेली. धक्क्यासमोरच्या हॉटेलात दोन्ही मुकादम चहाला बसले होते.

"दिवसपाळी एका टोळीची, रातपाळी दुसरीची," तिने सांगितलं. "महिन्याने पाळ्या बदलायच्या. रेक कधीही लागली तरी हात लावायला माणसं तयार. मी मशीनवर घालून पाहिलंय. धक्का वाचतो, चाचा, वर रेका वाढतात."

"अन् जोडीची वॅगन?" नासिरने विचारलं.

"ती राहणार नाही."

नासिर हसला. "बरं झालं बेटा. तुझ्या बापाच्या जोडीनं पोतं धरायचं म्हणजे सजा हाय. लई हळू चालतो."

"मी हळू चालतो? तुझाच गुडघा गेलाय की," रामकिशन म्हणाला. मग त्याने बशी खाली ठेवली. "पण माय, पुन्यांदा भांडनं झाली मंग?"

"भांडायला दोन्ही टोळ्या एका वेळी धक्क्यावर असतील तेव्हा ना, बाबा?"

हे उत्तर तिला फार आवडलं. गाडीत बसल्यावरही तिने ते एकदा मनात म्हणून पाहिलं.

दोघांनी मान्य केलं. न करून सांगतात कुणाला? शून्य म्हणजे काय हे हमालाला समजावून सांगावं लागत नाही.

आणि खरंच सगळं जमलं. पहिल्या महिन्यात मशीनने सावळगावला थोड्या रेका दिल्या, पुढं आणखी दिल्या. खत आलं, सिमेंट आलं. लातूरच्या व्यापाऱ्यांनी सोयाबीनच्या पेंडीची भरतीही तिकडे वळवली. वीरभद्र साहेबांनी बैठकीत पडद्यावर सावळगावचा आलेख लावला आणि कधी नव्हे ते म्हणाले, "असं काम पाहिजे बघा." बुद्धप्रियाला त्या दिवशी मनापासून आनंद झाला. आपण गावाचं देणं लागतो म्हणतात, ते आपण केलं, असं तिला वाटलं.

हंगामाचा शेवटचा अहवाल करताना आलेखात एक जागा तिला खटकली. सगळी रेघ कशी सरळ, फक्त एका दुपारी वॅगन तशाच उभ्या. धक्क्यावरच्या बाबूने कारण लिहिलं नव्हतं. तिने त्यापुढे 'अकारण थांबा' असं टाकलं. नंतर वाटलं, घरचाच मामला आहे, विचारून घ्यावं. तिने बापाला फोन लावला. आधी चांगली बातमी सांगितली, की पुढच्या हंगामालाही धक्का पक्का आहे, रेका अजून वाढल्या आहेत.

"चांगलं झालं," रामकिशन म्हणाला. "नासिरला सांगितलंस का?"

"तुम्हीच सांगा की."

"आमची गाठ कुठं पडून राहिली आता? तो उठतो तवा मी निजतो. जाता-येता हात वर केला तर केला."

बुद्धप्रिया हसली. पाळी बदलली की सवय होईल, असं काहीतरी म्हणाली. मग तिने त्या दुपारचं विचारलं. दिवसपाळी तेव्हा नासिरचाचाकडे होती, मग काम कशानं थांबलं होतं?

 



"त्या दिशी बेगमबी गेली," रामकिशन म्हणाला. "नासिरची समदी टोळी मातीला गेलती. मी रातपाळी करून आलो न् निजलो व्हतो. आमची समदीच पोरं निजली व्हती. तुझी आई कंधारला मावशीकडं. कुनी उठवलं न्हाई."

"कुणीच नाही?"

"झोपमोड कशाला म्हनून नासिरनंच नको म्हनलं म्हनं. सांजच्याला धक्क्यावर गेलो, तर अर्ध्या वॅगन तशाच. मला काय ठावं? दिवसपाळीनं आमच्यावर काम ढकललं म्हनून मी नासिरच्या आईवरून शिवी हासडली. समद्या टोळीदेखत. अन् त्या बाबूनं मला सांगितलं, की तिला आत्ताच पुरून आले."