बेलीरचा पुढचा सिनेमा

विनिताने फोन बरणीला टेकवून उभा केला आणि लॅपटॉप पुढे ओढला. पडद्यावर पुण्यातल्या बाबांचा चेहरा आणि नाकातली नळी एवढंच दिसत होतं. मागे ऑक्सिजनचं मशीन घरघरत होतं.

जन्मभर फ्रेंच शिकवलेल्या बाबांनी म्हातारपणी एक चरित्र लिहायला घेतलं होतं. गास्ताँ बेलीर, मूकपटांच्या काळातला नट! फ्रान्समध्येही आता त्याला कुत्रं विचारत नाही, पण बाबांसमोर तसं म्हणायची कोणाची टाप? कोविडने हातातलं बळ गेलं, तेव्हापासून बाबा रोज फोनवर सांगायचे आणि विनिता परदेशात, क्लेटनमधल्या आपल्या किचनमध्ये बसून टाइप करायची.

आज शेवटचं प्रकरण होतं. बेलीरचं मरण तिला लहानपणापासून पाठ होतं. ऐन भरात असताना, शूटिंगमध्ये छपरावरून पडला आणि जागीच गेला. पुस्तक संपल्यावर बाबा कशासाठी दम धरणार होते?

“छपरावर पाय घसरला,” बाबा म्हणाले. त्यांना धाप लागली. “खाली भाजीची गाडी होती.”

भाजीची गाडी? विनिताची बोटं थांबली.

“तिच्यावर पडला. थोडं खरचटलं. उठला, कपडे झटकले. आठवड्याभरात नवा सिनेमा सुरू.”

ती बघतच राहिली. एक तारीख चुकली तर अख्खं पान पुन्हा लिहायला लावणारा हा माणूस! आज धडधडीत खोटं सांगत होता, तेही नजरेला नजर न देता. तिने निमूटपणे भाजीची गाडी टाइप केली.

तिचा नवरा चारुदत्त दारात येऊन उभा राहिला. तिने चटकन माइक बंद केला.

“सांगून टाक, विनू. किती दिवस लपवशील?”

सकाळीच ईमेल आला होता. कोविडमुळे तिथल्या सीमा बंद होत्या आणि देशाबाहेर जायची परवानगी सरकारने तिसऱ्यांदा नाकारली होती. एवढ्या डिग्र्या, एवढी नोकरी, आणि बापाला घोटभर पाणी पाजायला जाता येत नाही! तिला संताप आला, रडूही आलं. करणार काय? तिने मान हलवली आणि माइक सुरू केला.

“लिहिलंस?” बाबांनी विचारलं.

“हो, बाबा.”

“तुझ्या परवानगीचं कधी कळतंय गं?”

विनिताने लॅपटॉपवरचा तो ईमेल बंद केला.

“सोमवारी,” ती म्हणाली.

बाबांनी डोळे मिटले. श्वास जुळवायला त्यांना वेळ लागला. मग ते हलकेच हसले.

“चालेल. तोवर पुरेल एवढा लांब आहे हा सिनेमा.”